कारखान्यातली तीस वर्षं पेन्शनीत पूर्ण कशी उतरवायची

साखर कारखान्यातला कामगार निवृत्तीच्या वर्षी पेन्शनीची चौकशी करायला येतो तेव्हा त्याच्या पिशवीत बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक. पेन्शन मात्र ठरते ती त्याच्या नोकरीच्या नोंदीवर. ती नोंद काही टाइम ऑफिसच्या मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, असते, काही पीएफ ऑफिसच्या संगणकात, आणि पहिली काही वर्षं दुसऱ्या कारखान्यात काढली असतील तर तिथल्या रजिस्टरांत. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात आम्ही काही निवृत्त कामगार बाजाराच्या दिवशी बसतो आणि या नोंदी एकमेकींशी जुळवून देतो. हे काम अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू केलं तर उशीर होतो. पन्नाशीला सुरू केलं तर सगळं शांतपणे होतं, कारण तेव्हा कामगार कारखान्यातच असतो आणि टाइम ऑफिसचा क्लार्क त्याला नावानं ओळखत असतो.

आधी हिशेब समजून घ्यावा, म्हणजे कुठल्या कागदावर जीव टाकायचा ते कळतं. ही पेन्शन म्हणजे पीएफ ऑफिसची कर्मचारी पेन्शन योजना, ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून आहे. त्याआधी १ मार्च १९७१ पासून कुटुंब पेन्शन योजना होती. कारखाना आपल्या नावावर भरतो त्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात आणि उरलेले ३.६७ टक्के प्रॉव्हिडंट फंडात. पगार कितीही असला तरी पेन्शनीसाठी धरायच्या पगाराला मर्यादा आहे. जून २००१ पासून ती ६,५०० रुपये होती, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. म्हणून पीएफच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात आधी ५४१ आणि नंतर १,२५० असे आकडे दिसतात.

पेन्शन म्हणजे सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. सरासरी शेवटच्या ६० महिन्यांची. सप्टेंबर २०१४ च्या आधीपासून नोकरीत असलेल्यांचे दोन तुकडे पडतात. समजा कामगाराची ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंत १८ वर्षं झाली, त्यानंतर १२ वर्षं झाली आणि पगार दोन्ही वेळा मर्यादेच्या वरच होता. पहिला तुकडा ६,५०० च्या मर्यादेवर १,६७१ रुपये, दुसरा १५,००० च्या मर्यादेवर २,५७१, मिळून महिन्याला सुमारे ४,२४३. अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होणाऱ्या आणि २० वर्षं भरलेल्या माणसाच्या सेवेत आणखी २ वर्षांची भर घालतात, ती यात धरलेली नाही. १६ नोव्हेंबर १९९५ च्या आधीची सेवा असेल तर तिचा वेगळा तक्ता आहे. त्यातून येणारी रक्कम लहान असते, पण ती सोडू नये.

या हिशेबात पगाराला मर्यादा आहे, त्यामुळे कामगाराच्या हातात खरी उरते ती वर्षांची संख्या. १५,००० च्या मर्यादेवर एक वर्ष म्हणजे महिन्याला २१४ रुपये, तेही मरेपर्यंत आणि त्यातले निम्मे पुढे बायकोला. म्हणून आम्ही पहिल्यांदा वर्षं मोजतो.

साखर कारखान्यात सगळ्यांत जास्त वर्षं हरवतात ती हंगामी कामगारांची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोळी पडते, म्हणजे गाळप सुरू होतं, मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपतं. ऊस कमी असेल तर फेब्रुवारीतच पट्टा पडतो. मग फिटर, वेल्डर, खलाशी दुरुस्तीला राहतात आणि गव्हाण, केन यार्ड, पॅन, सेंट्रीफ्युगलवरचे हंगामी लोक रिटेन्शनवर, म्हणजे काम बंद असतानाच्या भत्त्यावर, घरी जातात. पेन्शन योजनेत यासाठी स्पष्ट तरतूद आहे. हंगामी कामगारानं एका वर्षात हंगामापुरतं काम केलं, तरी ते वर्ष पूर्ण धरायचं. शिवाय बिगरहंगामात मिळणारा रिटेन्शन भत्ता हासुद्धा पीएफ कापायच्या पगारात मोडतो. या दोन गोष्टी अनेक कामगारांना माहीत नसतात, आणि पीएफ ऑफिसला दर महिन्याचा हिशेब, म्हणजे रिटर्न, भरणाऱ्या नव्या क्लार्कलाही कुणी सांगितलेल्या नसतात.

याचा परिणाम दोन तऱ्हांनी दिसतो. एक, बिगरहंगामाचे महिने मासिक रिटर्नमध्ये बिनपगारी म्हणून दाखवले जातात. रिटर्नमध्ये एनसीपी दिवसांचा रकाना असतो, म्हणजे ज्या दिवसांची वर्गणी नाही ते दिवस, आणि ते सेवेतून वजा होतात. दुसरी तऱ्हा अधिक नुकसानीची. हंगाम बंद झाला की नोकरी सोडल्याची तारीख टाकली जाते आणि पुढच्या हंगामात नवा मेंबर आयडी, म्हणजे पीएफ खात्याचा नवा क्रमांक, काढला जातो. असं झालं की चोवीस हंगाम केलेल्या माणसाची सेवा संगणकावर निम्म्यानं दिसते, आणि २० वर्षांच्या अटीवर मिळणारी भरही हातची जाते.

यावर उपाय म्हणजे कारखान्याच्या लेटरहेडवर वर्षवार तक्ता घेणे. त्यात पाच रकाने असावेत: हंगामाचं वर्ष, गाळप सुरू झाल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख, कामगाराचं पद आणि खातं, रिटेन्शन दिलं की नाही. खाली एक वाक्य हवं की हा कामगार या सर्व काळात हंगामी म्हणून सलग नोकरीत होता. सही पीएफसाठी अधिकृत असलेल्या अधिकाऱ्याची घ्यावी. नुसती टाइमकीपरची सही पीएफ ऑफिसात चालत नाही. हा तक्ता निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधी घ्यावा. हंगाम सुरू झाल्यावर ऑफिसात कुणाला मान वर करायला वेळ नसतो, म्हणून मे ते ऑगस्ट हा काळ बरा.

वर्षं मोजायची तर पीएफचं पासबुक ऑनलाइन काढावं लागतं. पासबुकात सगळ्यांत उजवीकडचा पेन्शनचा रकाना बोट ठेवून महिन्यामहिन्यानं वाचावा. एप्रिल २०१२ पासून रिटर्न ऑनलाइन झाले, त्यामुळे त्यानंतरचा प्रत्येक महिना दिसायला हवा. त्याआधीचं रेकॉर्ड वार्षिक असायचं. कारखाना दर कामगाराचा फॉर्म ३-ए आणि सगळ्यांचा मिळून ६-ए भरायचा, आणि कामगाराला वर्षाची पीएफ स्लिप मिळायची. ज्यांनी त्या स्लिपा जपल्या त्यांचं काम फार सोपं होतं. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी टाइम ऑफिसातून ३-ए च्या प्रती मागाव्यात. सुरुवातीच्या नोंदीसाठी फॉर्म ९ बघावा. सभासद झाल्याची तारीख आणि त्या वेळी सांगितलेली जन्मतारीख त्यात असते.

एखाद्या काळाची वर्गणी कारखान्यानं कापली पण भरली नाही, असंही घडतं. कारखाना अडचणीत असतानाची वर्षं याच प्रकारातली. अशा वेळी कामगार समजतो की ती वर्षं बुडाली. योजनेची भाषा तशी नाही. वर्गणी मिळालेली किंवा मिळायला हवी असलेली, अशी दोन्ही सेवा मोजायची आहे. फक्त त्या महिन्यांत आपण कामावर होतो आणि पगारातून कपात झाली हे दाखवता आलं पाहिजे. पगाराची स्लिप, बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद, मस्टरची प्रत, सोसायटीच्या हप्त्याची कपात दाखवणारा कागद, यातलं जे मिळेल ते जोडावं. पगाराच्या चिठ्ठ्या चुलीत घालू नका असं आम्ही तरुण पोरांना ओरडून सांगतो ते याचसाठी.

पहिली काही वर्षं दुसऱ्या कारखान्यात झाली असतील तर फॉर्म १३ भरून ती सेवा जोडून घ्यावी लागते. पैसे वर्ग झाले म्हणजे सेवा वर्ग झाली असं समजू नये. जुन्या कार्यालयाकडून अॅनेक्शर-के येतं, त्यात पेन्शनची सेवा आणि बिनपगारी दिवस लिहिलेले असतात. ते डाउनलोड करून तारखा तपासाव्यात. जुना कारखाना सोडताना कुणी फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील तर ती वर्षं संपली, ती परत येत नाहीत. म्हणून दहा वर्षं भरायच्या आत नोकरी सुटली तर पैसे काढण्याऐवजी त्याच १०-सी वर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली सेवा जपून ठेवणारा दाखला, मागावं. पेन्शनीला किमान १० वर्षं लागतात, पण सहा महिने किंवा त्याहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे साडेनऊ वर्षांच्या माणसानं पेन्शन बसत नाही म्हणून परत फिरू नये.

आता नाव आणि जन्मतारीख. आमचा निम्मा वेळ यातच जातो.

आमच्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख जागोजागी दिसते, कारण घरी तारीख लिहिलेली नसायची आणि गुरुजी शाळेत घालताना ती टाकून मोकळे व्हायचे. आधार काढताना ज्यांनी नुसतं वर्ष सांगितलं त्यांच्या कार्डावर १ जानेवारी आली. कारखान्यात भरती होताना अंदाजानं वय लिहिलं ते तिसरंच. या तीन तारखांत दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो आणि पेन्शनवर त्याचा थेट परिणाम होतो. रेकॉर्डवर वय जास्त लागलं असेल तर अठ्ठावन्न लवकर पूर्ण झालेलं दिसतं आणि पेन्शनची वर्गणी मध्येच थांबून सगळी फंडात जाऊ लागते. वय कमी लागलं असेल तर उलट होतं, अठ्ठावन्नच्या पुढेही पेन्शन खात्यात पैसे जात राहतात आणि ते दुरुस्त होईपर्यंत दावा अडकून पडतो.

२०२४ पासून पीएफ ऑफिसात आधार कार्ड जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालत नाही. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बोर्डाची गुणपत्रिका, पासपोर्ट, पॅन यांपैकी काही लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जुनं जनरल रजिस्टर शाबूत असेल तर मुख्याध्यापक दाखल्याची दुसरी प्रत देतात. अर्जात शाळेत जाण्याचं अंदाजे वर्ष आणि वडिलांचं नाव लिहावं म्हणजे शोधणं सोपं जातं. शाळेचं तोंडच न पाहिलेल्या माणसासाठी सिव्हिल सर्जनचा वयाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र हा मार्ग आहे. कागद हातात आला की आधी आधार दुरुस्त करावं, मग पॅन, मग बँक, आणि सगळ्यांत शेवटी पीएफ. हा क्रम उलटा केला तर तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागते, कारण पीएफचं पोर्टल आधारशी ताडून बघतं.

नावाचे घोळ ओळखीचेच आहेत. मस्टरवर बाळू, आधारवर बाळासाहेब, दाखल्यावर बाळकृष्ण. जुन्या रेकॉर्डमध्ये आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, त्यामुळे रामा हे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव. एखाद-दोन अक्षरांचा फरक थोड्या कागदांत सुटतो. अख्खं नावच वेगळं असेल तर जास्त पुरावे लागतात, आणि काही वेळा राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्यावं लागतं. दुरुस्तीच्या अर्जाला जॉइंट डिक्लरेशन म्हणतात. तो पोर्टलवर भरता येतो. यूएएन म्हणजे सभासदाचा नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ क्रमांक. तो १ ऑक्टोबर २०१७ नंतर काढलेला आणि आधारशी जुळलेला असेल तर बरेच बदल सभासदाला स्वतः करता येतात. आमच्याकडे येणाऱ्यांचे यूएएन त्याआधीचे असतात, म्हणून त्यांचा अर्ज कारखान्याच्या लॉगिनमधून पुढे जातो. कारखान्यात पडून राहिलेला अर्ज पीएफ ऑफिसला दिसतच नाही. अर्ज टाकल्यावर त्याची प्रत घेऊन टाइम ऑफिसात जाणं हा प्रक्रियेचाच भाग समजावा.

कारखाना बंद पडलेला असेल आणि सही करायला कुणी नसेल तरी दार बंद होत नाही. अशा वेळी राजपत्रित अधिकारी, बँकेचा मॅनेजर किंवा पोस्टमास्तर यांची साक्षांकित सही घेऊन कागद पीएफ ऑफिसात द्यावेत, सोबत नोकरीचे मिळतील ते सगळे पुरावे जोडावेत.

एवढं जुळलं की प्रत्यक्ष दावा, म्हणजे फॉर्म १०-डी, ही किरकोळ गोष्ट राहते. त्याआधी नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण पोर्टलवर आलेलं असावं, आधार-पॅन-बँक मंजूर असावं, आणि ई-नॉमिनेशनमध्ये बायको-मुलांची नावं, तारखा आणि फोटो भरलेले असावेत. कागदी फॉर्म भरणाऱ्यांनी नवरा-बायकोचा एकत्र फोटो, कॅन्सल चेक, पंचवीसच्या आतल्या मुलांचे जन्मदाखले आणि सही किंवा अंगठ्याचे नमुने तयार ठेवावेत. बँक खातं चालू आहे ना हे त्याच आठवड्यात बघून घ्यावं. विलीन झालेल्या बँकेचा जुना आयएफएससी फॉर्मवर राहिला की पैसे परत फिरतात. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी तितके ४ टक्के दर वर्षामागे कायमचे कापले जातात. कारखाना बंद पडला म्हणून घाबरून बावन्नाव्या वर्षी १०-डी भरणाऱ्याला आम्ही हा आकडा आधी कागदावर मांडून दाखवतो: सहा वर्षं, २४ टक्के, आयुष्यभर. घरात दुसरी काही मिळकत असेल तर थांबावं असंच आमचं मत आहे.

दाव्यात त्रुटी निघाली तर कारण वाचावं, तेवढंच दुरुस्त करावं, मग पुन्हा टाकावा. उत्तरच येत नसेल तर तक्रार पोर्टलवर नोंदवून क्रमांक जपावा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ हे शिबिर असतं, तिथे अधिकारी समोर भेटतो. जाताना तोंडी हकीकत न सांगता एका पानावर यूएएन, मेंबर आयडी, दाव्याची तारीख आणि नेमकं काय अडलं एवढं लिहून न्यावं.

ग्रॅच्युइटी हा वेगळा हक्क आहे आणि तो कारखान्याकडे मागायचा असतो: कायम कामगाराला वर्षामागे १५ दिवसांचा पगार, हंगामी कामगाराला हंगामामागे ७ दिवसांचा. इथेही वर उल्लेखलेला हंगामांचा तक्ताच कामाला येतो. हंगामी म्हणून सुरुवात करून पुढे कायम झालेल्यांनी दोन्ही काळ वेगळे दाखवून घ्यावेत.

पेन्शन सुरू झाली की दरवर्षी हयातीचा दाखला. या योजनेत तो नोव्हेंबरातच द्यावा असं बंधन नाही. दिलेल्या तारखेपासून १२ महिने चालतो. आमच्या लोकांची अडचण बोटांची असते. चुन्याच्या कामावर, पॅनवर, सेंट्रीफ्युगलवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे मशिनवर उमटत नाहीत. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाल्यापासून हे दुखणं बरंच मिटलं. समोरचा कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा असलेला अँड्रॉइड फोन, त्यात जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अॅप, एवढं पुरतं. फोन चालवणारानं आधी स्वतःची नोंद करायची, मग त्याच फोनवरून एकामागून एक सगळ्यांचे दाखले निघतात. उजेड चेहऱ्यावर समोरून पडू द्यावा, चष्मा आणि टोपी काढावी, डोळे उघडझाप करायला सांगावं. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्याला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. टर्बाइनवर काम केलेल्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनवरून ओटीपी मागून काम करण्याच्या फंदात पडू नये; समोर बसवून, फोन त्यांच्याच हातात ठेवून करावं. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा, क्रमांक आणि खातं क्रमांक बरोबर टाकला की प्रमाण आयडी, म्हणजे त्या दाखल्याचा क्रमांक, येतो. तो त्यांच्या पासबुकाच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून द्यावा.

जे हे काम गावात करू इच्छितात त्यांनी तीन पथ्यं कडक पाळावीत. कुणाचा पासवर्ड आपल्या वहीत लिहायचा नाही. ओटीपी माणसासमोरच वापरायचा. आणि झेरॉक्सच्या पैशांपलीकडे काही घ्यायचं नाही, चहासुद्धा त्यांच्या खर्चानं नको. पेन्शनीच्या कामात दलाल शिरतात ते पहिल्या चहापासून.

फार म्हातारे पेन्शनर आले की एक गोष्ट आवर्जून तपासावी. २५ सप्टेंबर २००८ पर्यंत ज्यांनी पेन्शनचा एक तृतीयांश भाग विकून एकरकमी पैसे घेतले, त्यांची पेन्शन १५ वर्षांनी पुन्हा पूर्ण होते. हा निर्णय २०२० चा आहे. ज्याची ती मुदत उलटली त्याच्या पासबुकात रक्कम वाढलेली दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पीपीओची प्रत जोडून अर्ज करावा.

माणूस गेल्यावर घरचे लोक पेन्शन खातं तसंच चालू ठेवतात, एटीएममधून पैसे काढत राहतात. पुढे तीच रक्कम वसूल होते आणि विधवेची पेन्शन त्यात अडकते. मृत्यूचा दाखला हातात आला की पीपीओ, विधवेचं आधार आणि तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं घेऊन लगेच कळवावं. संयुक्त खात्यावर भरवसा ठेवू नये. तिला निम्मी पेन्शन मिळते, किमान १,००० रुपये. पंचवीसच्या आतल्या दोन मुलांना त्याशिवाय प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या २५ टक्के. आई-वडील दोघंही नसतील तर मुलाला ७५ टक्के. कामगार नोकरीत असतानाच गेला असेल तर पेन्शनीसाठी एका महिन्याची वर्गणीही पुरते, आणि फॉर्म ५-आयएफ भरून विम्याची रक्कम वेगळी मागायची असते. ती जास्तीत जास्त ७ लाख आहे. हा विमा पगारातून कापला जात नाही, कारखाना भरतो, म्हणून घरात त्याची कुणाला खबर नसते. नॉमिनेशनमध्ये लग्नाआधी घातलेलं आईचं नाव तसंच राहिलेलं असेल तर बायकोला वारसाचे कागद करत फिरावं लागतं. ते नाव आजच बघून घ्यावं.